हातोडी आडवी होईपर्यंत

वहिनींच्या घरी गेलेला माणूस नुसता चहा पिऊन परत आला, असं आमच्या ओळखीत कधी घडलं नाही. चहा मिळायचा, पण आधी लोखंड धरावं लागायचं. मग तो विमा गळ्यात मारायला आलेला एजंट असो, मुलीच्या सासरची माणसं असोत, नाहीतर पत्ता चुकलेला कुरिअरवाला. मागच्या शेडमध्ये भट्टी पेटलेली असली की वहिनी त्याला थेट आत न्यायच्या, लांब सळईचं गार टोक त्याच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "दोनच मिनिटं धरा हो. चहा काही पळून जात नाही." ती दोन मिनिटं पाऊण तासाची असत. एजंट पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्राला सगळे मेस्त्री म्हणायचे. कारखान्यात यंत्रदुरुस्तीत त्याची हयात गेली आणि निवृत्त झाल्यावर, लोक बागेत फिरायला जातात त्या वयात, याने घरामागे पत्र्याची शेड घालून लोहारकाम मांडलं. कुदळी-विळे नव्हेत. खिडक्यांच्या नक्षीदार जाळ्या, जिन्याचे कठडे, वेलबुट्टीची फाटकं, दिव्यांच्या दांड्या. मी पोस्टात बत्तीस वर्षं शिक्के मारले. मेस्त्री म्हणायचा, "साहेब, तुझं नि माझं काम एकच. मी ऐरणीवर ठोकतो, तू पाकिटावर." दर रविवारी मी शेडमध्ये उपड्या पिंपावर बसून त्याला पेपर वाचून दाखवत असे. हातोडीला मात्र मी कधी बोट लावलं नाही. ज्याचं काम त्याने करावं, या मताचा मी आहे.

घण मारायला सुरुवातीला त्याने एक पैलवानासारखा गडी ठेवला होता. मेस्त्रीचं तोंड म्हणजे तोफखाना. दुसऱ्याच दिवशी गडी घण टाकून निघून गेला. त्याच वेळी वहिनी जेवायला बोलवायला शेडच्या दारात आल्या होत्या. लोखंड लालभडक झालेलं, मेस्त्री कोणाकडेही न बघता ओरडला, "मार!" वहिनींनी हातातलं झाकण खाली ठेवलं, पाच किलोचा घण उचलला आणि मारला. बाई उंचीला माझ्या खांद्याला जेमतेम लागतात, मनगटं काडीसारखी. पण घाव पडला तो बरोबर जागेवर. मेस्त्री लोखंडाकडे बघत म्हणाला, "अजून एक." तो अजून एक पुढे एकोणीस वर्षं चालला.

लोहाराच्या शेडमध्ये बोलून भागत नाही. भट्टीचा पंखा घोंगावत असतो, त्यात ठणठणाट. म्हणून तिथे हातोडी बोलते. मेस्त्री डाव्या हाताने सांडशीत लोखंड धरायचा आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीने जिथे टिचकी मारायचा, तिथेच वहिनींचा घण पडायचा. टण्, धाड्. टण्, धाड्. टिचकी जोरात तर घाव जोरात, हलकी तर हलका. आणि हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. थांबायचा हक्क फक्त हातोडीचा. घणवाल्याने आपल्या मनाने थांबायचं नाही, कारण लोखंड किती तापलंय, किती उरलंय, हे हातोडीवाल्याला कळतं. घणवाल्याला कळते फक्त जागा. वहिनींनी हा नियम असा पाळला की एकदा घरात दूध उतू जाऊन पातेलं जळालं, धूर शेडपर्यंत आला, तरी हातोडी आडवी होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. नंतर दोघं पातेल्यावरून तीन दिवस भांडले. भांडण झालं तरी दुपारी तीनला शेडमध्ये टण् धाड् चालू असायचंच. त्यांचा संसार खरा तिथेच चालायचा असं मला वाटतं.

गेल्या वर्षी मेस्त्री गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत संपलं. मुलीच्या नव्या घरासाठी खिडकीची जाळी करत होता. वर चढत गेलेली वेल आणि तिला चोवीस पानं. सतरा झाली होती.

चार महिन्यांनी मुलीचा मला फोन आला. "काका, आई रिकाम्या ऐरणीवर घण मारते. शेजारच्या काकू सांगत होत्या. मी विचारलं तर म्हणते, हात राहत नाहीत."

"मग मारू दे की. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी सहा महिने वर्तमानपत्रावर शिक्के मारायचो."

"चेष्टा नको काका. बाबा तिथे आहेत असं तिला वाटत असेल, तर मी महिनाअखेरीस तिला इकडे घेऊन येणार आणि शेड रिकामी करणार. ऐरण-बिरण सगळं भंगारवाल्याला. नसेल वाटत, तर राहू दे तिला तिथे. तुम्ही जाऊन बघा. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन."

असं माझ्या गळ्यात लोढणं पडलं. रविवारी गेलो. वहिनींना कशाचा वास लागला कोण जाणे, पायरी चढतो न चढतो तोच म्हणाल्या, "मुलीने धाडलंय ना? मला इथून हलवू नका भाऊजी. ती चोवीस पानं पुरी झाल्याशिवाय मी वर जाणार नाही, तर मुलीकडे कुठली जाते!" आणि माझ्या हातात सांडशी दिली.

शेडमध्ये भर दुपारी अंधार असतो. लोखंडाची आच रंगावरून ओळखतात आणि उजेडात रंग फसवतो, म्हणून खिडक्यांना झडपा लावून घेतात. भट्टीच्या तोंडापुरता लाल उजेड, बाकी सगळं काळं. ऐरण कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो ते कळत नाही. त्या अंधाराची मला सवय होती. पण त्या दिवशी पिंपावर बसायचं नव्हतं, मेस्त्रीच्या जागेवर उभं राहायचं होतं. तिथे जमिनीला त्याच्या पायांनी दोन खळगे पडले होते. माझे पाय त्यात नीट बसले. मला ते आवडलं नाही.

वहिनींनी भट्टीतून तापलेली सळई काढली, मी ती सांडशीत धरली. "दोन्ही हातांनी धरलीत ना?" त्यांनी विचारलं.

"धरली."

त्यांनी खाली माझ्या हातांकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग घण उचलला.

टण्. धाड्. टण्. धाड्.

पहिले पाच-सहा घाव पडेपर्यंत मला काही वावगं वाटलं नाही, एवढा तो आवाज ओळखीचा होता. मग लक्षात आलं की धाड् वहिनींचं आहे, पण टण् कोणाचं? पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो, अशी मी मनाची समजूत घातली. पण घुमलेला आवाज घावाच्या नंतर येतो. हा आधी येत होता. सांडशी टाकून पळावं असं मनात आलं, पण पाय त्या खळग्यांतून निघाले नाहीत. मग किती वेळ गेला ते सांगता येत नाही. धगीपुढे उभं राहिलं की माणूस पेंगतो, तसा मी पेंगलो असेन. भानावर आलो तेव्हा वहिनी चहाचा कप पुढे करत होत्या आणि ऐरणीवर दोन पानं तयार होती, शिरांसकट.

घरी गेलो तर उजवा हात खांद्यापासून ठणकत होता. बायको म्हणाली, "मित्राच्या बायकोचं सांत्वन करायला गेला होतात की कुस्ती खेळायला?" तिला खरं सांगितलं असतं तर पुढचा रविवार मला घरात कोंडून ठेवला असता. आणि खरं सांगायचं तर मला जायचं होतं. भीती वाटत होती आणि जायचंही होतं. चार महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

दुसऱ्या रविवारी टण् आणखी स्पष्ट आलं. मध्येच टिचकी हलकी व्हायची, घणही हलका पडायचा. पान रुंद व्हायला लागलं की टिचकी कडेने फिरायची, घण तिच्यामागून फिरायचा. अंधारात मला वहिनींचा चेहरा अर्धाच दिसत होता. त्या हसत होत्या. रडणाऱ्या विधवेला काय सांगायचं हे मला माहीत आहे. हसणारीला काय सांगायचं ते कोणी शिकवलेलं नाही.

चहा पिताना मी हळूच विचारलं, "वहिनी, तुम्हाला काही ऐकू येतं का हो?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला येतं?"

"छे! मला कुठे काय."

"मग मलाही नाही," वहिनी म्हणाल्या आणि बशा उचलून आत गेल्या.

तिसऱ्या रविवारी तेवीस पानं झाली. चहा व्हायच्या आत मी झडपा उघडल्या आणि सगळी पानं बाकावर ओळीने मांडली. मेस्त्रीच्या उजव्या हाताची तर्जनी कारखान्यात चेंगरली होती, ती वाकत नसे. हातोडी धरताना ते बोट दांड्यावर सरळ पडलेलं असायचं, त्यामुळे त्याचा घाव किंचित तिरका बसायचा आणि प्रत्येक पानाचं टोक डावीकडे कलायचं. गिऱ्हाईकं त्याला कला म्हणायची, मेस्त्री त्याला बोट म्हणायचा. मी ती सतरा पानं पाहिली. मग नंतरची सहा पाहिली. सगळी डावीकडे.

"वहिनी, कमाल केलीत," मी म्हणालो. माझाच आवाज मला बारीक वाटला. "हुबेहूब उतरवलंत. शिरासुद्धा त्याच्यासारख्याच."

"मी घण मारते भाऊजी. लहान हातोडी मी जन्मात हातात धरलेली नाही."

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे बाई स्वतःच्या हाताने पानं करते, नवऱ्याचं व्यंगसुद्धा त्यात उतरवते, आणि तिला त्याची आठवणही राहत नाही! मी मनाशी ठरवून टाकलं. मुलगी म्हणते ते बरोबर, यांना इथे एकटं ठेवणं धोक्याचं आहे. भंगारवाला तर भंगारवाला. शहाण्या माणसासारखा सगळा हिशोब मी रस्त्याने चालता चालता जुळवला.

जेवताना बायको म्हणाली, "हे काय हो? तळहाताला घट्टा कसला पडलाय?"

"सांडशीचा."

"उजव्या हाताला?"

"दोन्ही हातांनी धरतात," मी खेकसलो. पण डाव्या तळहाताला घट्टा नव्हता. मी तो हात ताटाखाली घेतला आणि आमटी मागितली.

शनिवारी मुलीचा फोन आला. काय ते सांगा म्हणाली. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण कोणाच्या घराला कुलूप लावायचं तर डोळ्यांनी बघून लावावं. म्हटलं, "मला उद्याचा दिवस दे." माझा बेत सोपा होता. काम ऐन रंगात आलं की डावा हात लांबवून बाजूच्या खिडकीची झडप उघडायची. उजेडात वहिनींना त्यांच्याच हातात लहान हातोडी दिसेल. त्यांना कळेल, मलाही खात्रीने सांगता येईल.

आता हा बेत करताना एका गोष्टीचा विचार मी केला नव्हता. पाच किलोचा घण बाई दोन्ही हातांनी मारते, मग हातोडी धरायला तिच्याकडे तिसरा हात कुठला? आणि मी सांडशी दोन्ही हातांनी धरलेली, तर झडप उघडायला डावा हात रिकामा कसा सापडणार? बत्तीस वर्षं हातावर पोट होतं माझं, पण एवढा साधा हातांचा मेळ मला घालता आला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायला निघालेल्या माणसाचं असंच होतं.

रविवारी चोविसावं पान भट्टीत होतं. सळई पिवळी झाली तशी वहिनींनी काढली, मी धरली, घण उचलला गेला. टण्, धाड्. टण्, धाड्. तीच पेंग यायला लागली, पण मी ओठ चावून जागा राहिलो. पान पसरत गेलं. टिचकी कडेला आली. मी सांडशीचे दांडे मांडीशी दाबून धरले, डावा हात सोडला आणि झडप ढकलली.

दुपारचा उजेड धाडकन आत आला.

वहिनी समोर उभ्या होत्या, दोन्ही हातांनी घण डोक्यावर घेतलेला. आणि ऐरणीवर लहान हातोडी चालत होती. टण्. ती माझ्या उजव्या हातात होती. माझी तर्जनी दांड्यावर सरळ ताठ पडलेली होती. मी ते बोट वाकवायचा प्रयत्न केला. ते वाकलं नाही.

मी ओरडलो असेन, पण आवाज फुटल्याचं आठवत नाही. हात माझाच होता. बाहीचं बटण तुटलेलं, मनगटावर लहानपणी भाजल्याचा डाग. पण तो माझं ऐकत नव्हता. मी मूठ उघडायला बघितली, तर मूठ आणखी आवळली. टण्. हातोडी पानाच्या टोकाशी आली आणि घणाची वाट बघत थांबली. घण आला नाही, तशी तिने पुन्हा टिचकी मारली. जरा जोरात. मेस्त्रीला वाट बघायची सवय नव्हती.

वहिनी घण धरून तशाच उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून मला कळलं की हे त्यांना नवीन नव्हतं. त्या पहिल्या रविवारी, दोन्ही हातांनी धरलीत ना म्हणून विचारलं, तेव्हाच त्यांनी हे पाहिलं होतं.

टण्. टण्.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

चाळीस वर्षांत त्यांनी मला भाऊजीशिवाय दुसरी हाक मारलेली नाही. हा अहो माझ्यासाठी नव्हता. नवऱ्याला मारायची हाक कुठल्याही लग्न झालेल्या माणसाला ओळखू येते. आणि त्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. हाताकडे बघत होत्या.

"अहो, पुरे. भाऊजींना घरी जाऊ द्या. त्यांची बायको वाट बघत असेल."

टण्. या खेपेला हलकी. अगदी नखाने वाजवल्यासारखी.

"ऐकायचंय हो मला. जन्मभर ऐकेन म्हटलं तरी चालेल. पण माणूस दुसऱ्याचा आहे." आणि हातोडी उभी असताना, लोखंड लाल असताना, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वहिनींनी आपल्या मनाने घण खाली ठेवला. आवाजही न करता, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसा.

माझं बोट वाकलं. हातोडी ऐरणीवर पडली आणि आडवी झाली. पान टोकापर्यंत चपटं झालं होतं, त्यात शिरा काढायच्या राहिल्या होत्या. आमच्या डोळ्यांदेखत ते लालचं काळं पडलं.

मी पिंपावर बसलो. वहिनींनी माठातलं पाणी आणून दिलं आणि समोर जमिनीवर बसल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण मला हाव सुटली भाऊजी. म्हटलं सातच तर पानं आहेत, तेवढी होऊ देत. मग तुम्ही दर खेपेला जरा उशिरा भानावर यायला लागलात. गेल्या रविवारी चहा घेतलात तो फुंकर न घालता, बशीत न ओतता, उभ्या उभ्या. ते तसे प्यायचे. तेव्हा मी घाबरले."

"एकच पान राहिलंय," मी म्हणालो. मला माझंच नवल वाटलं. दहा मिनिटांपूर्वी माझी पाचावर धारण बसली होती आणि आता मी त्यांना गळ घालत होतो. "पुढच्या रविवारी येतो. मी काही मरत नाही. एवढं तर पुरं करू."

"नाही."

"वहिनी, मी मुलीला सांगतो सगळं ठीक आहे. तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही. इथेच राहायचं होतं ना तुम्हाला?"

"इथे राहिले तर हात राहणार नाहीत. आणि तुम्ही याल. नाही म्हटलं तरी याल." त्यांनी हातोडी फडक्यात गुंडाळली. "मी मुलीकडे जाते. तिला शेड रिकामी करू दे. चोविसावं ती तसंच बसवेल, वेलीला एखादं कोवळं पान असतंच."

मुलीला मी फोनवर सांगितलं की तुझी आई ठणठणीत आहे, तिला कसलेही भास होत नाहीत. ते अक्षरशः खरं होतं. ती गोंधळली. "मग ती स्वतःच का येते म्हणतेय, काका?" मी म्हटलं, "आईला विचार."

महिनाअखेरीस टेम्पो आला. ऐरण उचलायला चार माणसं लागली. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर पिशवी, आणि काच खाली करून माझ्या बायकोला म्हणाल्या, "यांना रविवारी कुठेतरी नेत जा हो." बायकोने मान डोलावली. तिला कोणी काय सांगितलं होतं मला माहीत नाही, तिने मला काही विचारलंही नाही.

लोक म्हणतील, बाईने तुला वाचवलं. वाचवलं हे मी मान्य करतो. घट्टा गेला, बोट वाकतं, चहा मी बशीतच पितो. पण माझा राग गेलेला नाही आणि तो मी लपवतही नाही. त्या नवऱ्याशी दोन शब्द बोलल्या, त्याने ऐकलं आणि तो गेला. त्यांचं आपसात मिटलं. ज्याच्या हातात तो होता त्याला कोणी विचारलं नाही. मी घाबरलो होतो, पण जा असं मी म्हटलं नव्हतं. मित्र माझाही होता.